दोन वेंधळे दरोडेखोर आणि दुभाषी आजोबा: एका रविवारच्या सिनेमाचा प्रकरण अभ्यास

(या प्रकरणातल्या माणसांची नावं बदलली आहेत. शहर आणि ग्रंथालय यांची ओळख मुद्दाम दिलेली नाही.)

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, एका लहान शहरात आम्ही वीस-बावीस मराठी कुटुंबं राहतो. रविवारी सकाळी मराठी शाळा भरते. मी तिथे मधल्या वयाच्या मुलांना शिकवते. उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत जवळजवळ प्रत्येक घरात कुणाचे तरी आईवडील भारतातून आलेले असतात. सहा महिन्यांच्या मुक्कामात त्यांचा दिवस जाता जात नाही. नातवंडं शाळेत, मुलगा-सून कामावर, आणि गाडी चालवता येत नसल्यामुळे घराबाहेर पडायचं तरी कुठे, हा प्रश्न. संध्याकाळी नातवंडं घरी येतात ती इंग्रजीत बोलत. आजी मराठीत विचारते, नातू इंग्रजीत उत्तर देतो, आणि दोन-तीन वाक्यांत संभाषण संपतं.

यावर काहीतरी करावं म्हणून महिन्यातून एकदा ग्रंथालयाच्या तळघरातल्या खोलीत तीन पिढ्यांनी एकत्र सिनेमा बघायचा असं ठरलं. हे प्रकरण त्यातल्या दुसऱ्या दुपारचं आहे. त्या दिवशी एकतीस माणसं होती: अकरा मुलं, आठ ज्येष्ठ, बाकीचे आम्ही मधले.

पहिल्या महिन्यात मराठी सिनेमा लावला होता. ज्येष्ठ रमले. मुलं पंधरा मिनिटांनी खुर्च्यांखाली शिरली. पडद्यावरची माणसं काय बोलतात ते त्यांना निम्मंच कळत होतं आणि खालची इंग्रजी अक्षरं वाचण्याइतका वेग लहानांना नव्हता.

अडचण

अडचण दोन्ही बाजूंनी भाषेची होती. मराठी लावलं की मुलं सुटतात, इंग्रजी लावलं की आजी-आजोबा. अ‍ॅनिमेशनचा विचार झाला, पण हल्लीच्या अ‍ॅनिमेशनपटांत विनोदही शब्दांतच फार असतो. मूकपटही सुचवला गेला. तो मला आवडला असता, पण मोठ्या मुलांनी काळा-पांढरा म्हणताच तोंडं फिरवली.

ग्रंथालयातल्या एका ज्येष्ठ बाईंनी तेव्हा कपाटातून दोन डीव्हीडी काढून दिल्या. डिस्ने कंपनीची १९७५ सालची 'द अ‍ॅपल डम्पलिंग गँग' आणि तिचा १९७९ सालचा पुढचा भाग, 'द अ‍ॅपल डम्पलिंग गँग राइड्स अगेन'. घोडे, धूळ, बँका, आगगाड्या, आणि मध्ये एकही काम धड न जमणारे दोन दरोडेखोर. या दरोडेखोरांपैकी एकाचं काम करणारा टिम कॉन्वे आपल्या ओहायोचा, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. तो शॅग्रिन फॉल्स या गावात वाढला. त्याचा जोडीदार डॉन नॉट्स शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या मॉर्गनटाउनचा. दोघंही अमेरिकन दूरचित्रवाणीवर घडलेले नट. नॉट्सला एका छोट्या गावातल्या घाबरट, फुशारक्या मारणाऱ्या उपशेरीफच्या, म्हणजे दुय्यम पोलीस अधिकाऱ्याच्या, भूमिकेसाठी दूरचित्रवाणीचे पाच एमी पुरस्कार मिळाले होते. कॉन्वेची ख्याती होती सावकाशीची. तो एखादी हालचाल इतकी लांबवायचा की समोरच्या नटाला भर प्रयोगात हसू आवरेनासं व्हायचं.

मी दोन्ही भाग घरी बघितले. विनोद बहुतेक अंगाचा होता, जिभेचा कमी. आमच्या अडचणीवर हे औषध चालेल असं वाटलं.

समोर असलेले पर्याय

पहिला भाग की दुसरा, यावर आम्ही तिघी-चौघी बराच वेळ बोललो.

गोष्ट म्हणून पहिला भाग निःसंशय सरस आहे. कॅलिफोर्नियातल्या एका खाण-वस्तीत तीन अनाथ भावंडं येऊन पडतात, एका जुगाऱ्याच्या गळ्यात. त्यांना खाणीत सोन्याचा भला मोठा गोळा सापडतो आणि कालपर्यंत नको असलेली मुलं गावात सगळ्यांना हवीशी होतात. मुलांना हे कळतं आणि ती ठरवतात की आपलं सोनं आपणच चोरीला घालवायचं. त्यासाठी ती ज्यांना गाठतात ते अनुक्रमे कॉन्वे आणि नॉट्स यांनी रंगवलेले अ‍ॅमॉस आणि थिओडोर. या दोघांना त्यांच्या टोळीनेच हाकलून दिलेलं असतं, कारण अ‍ॅमॉसने चुकून म्होरक्याच्याच पायात गोळी घातली. रात्री आगीच्या बंबाच्या ठाण्यातून शिडी चोरण्याचा त्यांचा एक लांबलचक प्रसंग आहे. त्यात शब्द जवळजवळ नाहीत, आहे ती शिडी, झोपलेली माणसं आणि दोघांची तारांबळ. इतकी नेमकी बांधलेली विनोदी दृश्यं मी फार कमी पाहिली आहेत.

पण पहिला भाग शंभर मिनिटांचा आहे आणि त्यात मोठ्या माणसांची बोलणी भरपूर आहेत. पालकत्वाचा कायदा, सोयीपुरतं लग्न, गावातलं राजकारण.

दुसरा भाग अठ्ठ्याऐंशी मिनिटांचा. त्यात बाकीचं सगळं बाजूला सारून हे दोन वेंधळेच नायक झाले आहेत. ती तिन्ही मुलं नाहीत, जुगाऱ्याचं काम करणारा बिल बिक्स्बी नाही, नायिका सुझन क्लार्कही नाही. पहिल्या भागात शेरीफ, न्हावी आणि न्यायाधीश एकट्यानेच असलेला हॅरी मॉर्गन इथे परत दिसतो, पण लष्करातला मेजर म्हणून, अगदी वेगळ्याच भूमिकेत. अ‍ॅमॉस आणि थिओडोर यांनी आता वाईट मार्ग सोडलेला आहे. ते बँकेत खातं उघडायला जातात आणि दरोडेखोर समजले जातात. मग एक खुनशी मार्शल, म्हणजे गावचा पोलीस प्रमुख, त्यांच्या मागे लागतो. लष्करी तळ, तिथली आग, तुरुंग, आगगाडीवरचा दरोडा अशी एकामागून एक धांदल उडते.

खोली आम्हाला दोन तास मिळणार होती आणि त्यात चहाही बसवायचा होता. दुसरा भाग आखूड आणि जास्त धडपडीचा, म्हणून तो ठरला. हा पहिला निर्णय. घड्याळाने तो आमच्यासाठी घेतला असं आता वाटतं. सुधारलेल्या चोरांची गोष्ट बघताना ते आधी कसे चोर होते हे प्रेक्षकाला ठाऊक लागतं, हे आम्ही लक्षातच घेतलं नाही.

परवानगीचं काम त्या मानाने सोपं निघालं. घरच्या आणि ओळखीच्या वर्तुळाबाहेरची बरीच माणसं जमणार असतील तर अमेरिकेच्या कायद्याने तो जाहीर खेळ ठरतो, तिकीट असो वा नसो. घरी बघायला घेतलेली डीव्हीडी त्याला चालत नाही. ग्रंथालयाकडे वार्षिक परवाना होता. त्यात हा स्टुडिओ बसतो याची त्या बाईंनी खात्री करून दिली. अट एकच होती, बाहेर सिनेमाचं नाव छापून जाहिरात करायची नाही.

दुसरा प्रश्न, ज्येष्ठांना गोष्ट कशी कळणार? अण्णांनी आपणहून जबाबदारी घेतली. ते मूळचे सातारकडचे, एस.टी.त कंडक्टर म्हणून एकतीस वर्षं काढलेली. आवाज खणखणीत. तमाशाच्या फडांमागे तरुणपणी गावोगाव फिरलेले. मुलाकडे इथे वर्षातून सहा महिने राहिल्यामुळे इंग्रजी कामापुरतं कळतं. "मूकपटाच्या काळात पडद्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचणारे असायचेच की, मी तसं बोलत राहतो," ते म्हणाले. सगळ्यांना पटलं.

तिसरा प्रश्न एका आईने फोनवर विचारला. ईराच्या आईने. ईरा सात वर्षांची, दुसरीत. "ताई, बंदुका आहेत का हो त्यात?" मी म्हटलं, "आहेत, पण विनोदी आहे गं. मुलांसाठीच आहे." सिनेमाला सर्व वयांसाठीचं प्रमाणपत्र आहे, त्यामुळे मी बोलले ते खोटं नव्हतं. पण तिने विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तरही नव्हतं. ती का विचारते आहे, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

प्रत्यक्षात काय घडलं

दिवे मालवले. दार लावून घेतलं, कारण वरून ग्रंथालयातली मुलं खाली डोकावत होती.

अण्णा पहिल्या वाक्यापासून सुरू झाले. पडद्यावर थिओडोर अ‍ॅमॉसवर डाफरतो, अण्णा सांगतात, "तो म्हणतोय, तुला अक्कल नाही." अ‍ॅमॉस दोन क्षण थांबून, डोळे मिचकावून, भलत्याच गोष्टीचं उत्तर देतो. त्या दोन क्षणांच्या थांबण्यातच सगळी मजा. पण अण्णा नेमके त्याच क्षणांत मागचं वाक्य पुरं करत होते. त्यामुळे ज्येष्ठांना शब्द मिळाले आणि हसू निसटलं. मुलांना तर धड काहीच ऐकू येईना. दहा-बारा मिनिटांत चुळबुळ वाढली आणि दहा वर्षांचा पार्थ मागे वळून म्हणाला, "आजोबा, आता बोलू नका ना. बघू द्या."

अण्णा गप्प झाले. त्यांना ते लागलं, हे चेहऱ्यावरून मला कळलं, अंधारातही. इथे मी दुसरा निर्णय घेतला, आणि तो घाईत घेतला. उठून मी सगळ्यांना म्हटलं, "शूऽ! आता कुणीच बोलायचं नाही हं. अगदी गप्प."

पुढची काही मिनिटं सुरेख गेली. दोघांची अंगविक्षेपांची जुगलबंदी चालू होती आणि पहिल्यांदाच पुढच्या रांगेतली मुलं आणि मागच्या रांगेतल्या आजी एकाच वेळी हसल्या. मी खूश झाले.

मग बँकेचा प्रसंग आला. गैरसमज, बंदुका, आरडाओरडा, पळापळ. मुलं खिदळत होती. ईरा खुर्चीवरून उतरली आणि भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन गुडघे पोटाशी घेऊन बसली. रडली नाही, ओरडली नाही. म्हणूनच मला दिसायला वेळ लागला. आधी तिच्या आजीच्या लक्षात आलं. त्या उठल्या, दार उघडलं आणि तिला उचलून बाहेर जिन्यापाशी घेऊन गेल्या.

कारण नंतर कळलं. इथल्या शाळांत, कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं याचा सराव मुलांकडून करून घेतात. दिवे बंद, दार बंद, कोपऱ्यात बसायचं, आणि अगदी गप्प राहायचं. ईराच्या वर्गात तो आदल्याच आठवड्यात झाला होता.

मी खोलीत दिवे बंद केले होते. दार मीच लावलं होतं. गप्प बसा असं मीच सांगितलं होतं. पडद्यावरच्या विनोदी बंदुकीचा त्यात वाटा होता, पण शेवटचा. सिनेमा निवडताना आम्ही पडद्याचाच विचार केला. खोली म्हणजेही एक अनुभव असतो आणि मूल तो आपल्या शाळेतून बरोबर घेऊन येतं, हे एकाही बैठकीत कुणी बोललं नव्हतं. मीही नाही, आणि मी तर शिक्षिका.

निर्णयाची घडी

मी सिनेमा थांबवला आणि दिवे लावले. आता काय? तीन गोष्टी करता येत होत्या.

सिनेमा बंद करून चहा काढायचा. तसं केलं असतं तर सगळ्यांचं लक्ष ईराकडे गेलं असतं आणि तिच्यामुळे बंद झाला हे ओझं तिच्यावर पडलं असतं. किंवा ती आजीजवळ बाहेर सुरक्षित आहे म्हणून पुढे चालू करायचा. तेही मला जमेना. तिसरा मार्ग अण्णांनी सुचवला, विचारून नव्हे, करूनच. ते उठून पडद्याच्या बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "हे दोघं मुळात कोण आहेत ते सांगतो. मगाशी सांगायचं राहिलं."

आणि त्यांनी पहिल्या भागाची गोष्ट सांगितली. ती त्यांना मीच आदल्या दिवशी फोनवर सांगितली होती. टोळीतून हाकललेले दोघे, म्होरक्याच्या पायातली गोळी, शिडीची चोरी. वगातल्या बतावणीसारखं, दोन्ही पात्रं स्वतःच करत. थिओडोर झाले की छाती काढायचे, अ‍ॅमॉस झाले की खांदे पाडून तोंड अर्धवट उघडं ठेवायचे. शिडी म्हणून त्यांनी ग्रंथालयाची घडीची खुर्ची खांद्यावर घेतली आणि वळताना ती पार्थच्या डोक्यावरून फिरवली. पार्थ खाली वाकला. मुलांना ते मराठी किती कळलं कोण जाणे, पण ती पोट धरून हसली. मोजून पाच-सहा मिनिटं चाललं असेल.

दार उघडंच होतं. ईरा आजीचा पदर धरून दारात येऊन उभी राहिली. तिने तिथूनच विचारलं, "आजी, ते चोर आहेत का?"

"चोर व्हायचं होतं गं त्यांना. जमलंच नाही. आता सोडून दिलंय."

"मग पळतायत कशाला?"

"लोकांना पटत नाही ना, सोडलंय म्हणून."

ईराने विचार केला आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसली. तिच्या शंकेतच आमच्या पहिल्या निर्णयाची चूक होती. पहिला भाग न बघता हे दोघं चांगले की वाईट हे मुलाला ठरवता येत नाही, आणि ते ठरत नाही तोवर त्यांच्या हातातली बंदूक ही नुसती बंदूकच राहते. म्होरक्याच्या पायात गोळी घालणारा अ‍ॅमॉस एकदा माहीत झाला की त्याच्या हातातली तीच वस्तू हास्यास्पद होते.

उरलेला सिनेमा आम्ही दार उघडं ठेवून, मागचे दोन दिवे लावून बघितला. पडदा थोडा फिका दिसला. कुणी तक्रार केली नाही. अण्णा आणि मी एक खूण ठरवली: मी डिस्क थांबवली की त्यांनी पुढचा दुवा तीन-चार वाक्यांत सांगायचा, चालू असताना बोलायचं नाही. असं तीनदा थांबलो. लष्करी तळावर पोचल्यावर, तुरुंगात गेल्यावर, आणि आगगाडीच्या आधी.

परिणाम

सिनेमा म्हणून दुसरा भाग मधे ढिला पडतो. लष्करातल्या चोरीचा तपास, मेजरची मुलगी आणि तरुण शिपाई यांचं प्रकरण, यात दोघे वेंधळे मागे पडतात. त्या पट्ट्यात मुलं उठून पाणी प्यायला गेली. पडद्यावर त्यांच्या वयाचं कुणीच नव्हतं, हेही एक कारण असावं. पहिल्या भागाचा जीव त्या तीन भावंडांत होता आणि तेच पुढच्या भागात वगळले गेले. गमतीदार दुय्यम पात्रांना नायक केलं की त्यांना ज्याच्यावर आदळायचं ती सरळ भिंत कुणीतरी व्हावी लागते. ते काम इथे केनेथ मार्सच्या मार्शलने केलं आहे. दरारा असलेला हा माणूस या दोघांच्या नादी लागून दर भेटीत अधिक जायबंदी आणि अधिक वेडापिसा होत जातो. तो आला की मुलं जागेवर परत यायची.

सगळ्यात मोठा हशा मात्र ज्येष्ठांच्या रांगेतून आला. अ‍ॅमॉस आणि थिओडोर नाचणाऱ्या बायकांच्या वेशात अवतरले तेव्हा ईराची आजी जवळजवळ ओरडल्याच, "अगं बाई, ही तर गवळणीतली मावशी!" मुलांनी विचारलं, मावशी म्हणजे कुणाची? मग चहाच्या वेळी अण्णांना साग्रसंगीत सांगावं लागलं: तमाशातली गवळण, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, वाट अडवणारा कृष्ण आणि पदर सावरत त्याच्याशी भांडणारी मावशी, जिचं काम पुरुषच करतो. पार्थने आजोबांची शाल घेऊन लगेच मावशी करून दाखवली. घरी नातवाशी तीन वाक्यांपुढे न जाणारं संभाषण त्या दिवशी खोलीची वेळ संपेपर्यंत चाललं.

ईराच्या आईला मी संध्याकाळी फोन केला आणि माफी मागितली. ती रागावली नव्हती. पण तिने सांगितलं की सरावाबद्दल ईरा घरी एक शब्द बोलली नव्हती. त्या रात्री ती आजीजवळ झोपताना पहिल्यांदा बोलली, मराठीत, मोडकंतोडकं का होईना.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला भाग आधी दाखवायला हवा होता. वेळ कमी होता तर दोन रविवारांत, मध्ये तोडून. किंवा निदान अण्णांची ती पाच मिनिटांची बतावणी सुरुवातीला ठेवायला हवी होती. ती ऐनवेळी सुचली म्हणून आम्ही वाचलो.

अण्णांना दुभाषी नेमताना सिनेमाची डिस्क त्यांना आधी द्यायला हवी होती. बोलायचं कुठे आणि थांबायचं कुठे, हे न बघितलेल्या माणसाने कसं ठरवावं? पार्थने त्यांना सगळ्यांसमोर थांबवलं, तो दोष पार्थचा नव्हता आणि अण्णांचाही नव्हता.

आणि पालकाने बंदुकांबद्दल विचारलं तर प्रमाणपत्र पुढे करायचं नाही, का विचारता, एवढंच विचारायचं. आता नोंदणीच्या कागदावर आम्ही एक ओळ घातली आहे: अंधार, मोठा आवाज, बंदुका, प्राणी, यांपैकी कशाची भीती? गेल्या खेपेला अकरापैकी चार कागदांवर 'अंधार' होता. म्हणून मागचे दोन दिवे आता मालवतच नाही, आणि दाराला लाकडी पाचर लावून ठेवतो.

नोव्हेंबरात पहिला भाग लावला, दोन बैठकांत. तोवर ईराची आजी गावी परतली होती. शिडीच्या प्रसंगाला ईरा उठून पडद्यापाशी गेली आणि मागे बसलेल्या लहान मुलांना सांगू लागली, "घाबरू नका, यांना जमत नाही." तेवढं सांगून झाल्यावर ती आपली आपण गप्प झाली, आणि अण्णांनी माझ्याकडे बघून डिस्क चालूच ठेवायची खूण केली.